इंग्रजी श्रवण व वाचन चाचणी : सोलापूरच्या माध्यमिक शाळा

माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्याला कानांवर पडलेले आणि छापलेले इंग्रजी कितपत कळते, हे मोजण्याची पद्धत. श्रवण, भाषण, वाचन आणि लेखन या चार भाषाकौशल्यांपैकी श्रवण आणि वाचन ही ग्रहणाची कौशल्ये मानली जातात. बोललेले ऐकू येते, लिहिलेले दिसते. कळणे मात्र ऐकूही येत नाही आणि दिसतही नाही. म्हणून विद्यार्थ्याकडून काहीतरी करवून घ्यावे लागते. तो पर्यायावर खूण करतो, तक्त्यात आकडा भरतो, नकाशावर रेघ ओढतो आणि त्यावरून परीक्षक आकलनाचा अंदाज बांधतो. या विषयातले बहुतेक वाद इथूनच निघतात. उत्तर लिहिता आले नाही म्हणजे कळले नाही, असे धरावे का? आणि उत्तर बरोबर आले म्हणजे कळलेच, असे तरी धरावे का? दुसरा प्रश्न शाळांत फारसा विचारला जात नाही; खरे तर तोच अधिक महत्त्वाचा आहे.

सोलापुरात या प्रश्नाला भाषेचा आणखी एक पदर आहे. शहराच्या पूर्व भागात विणकर पद्मशाली समाजाच्या घरांत तेलुगू बोलली जाते. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांतल्या अनेक गावांची घरची भाषा कन्नड आहे. उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत, कन्नड आणि तेलुगू माध्यमाच्याही आहेत. कागदोपत्री इंग्रजी ही ‘तृतीय भाषा’. पण घरी तेलुगू, शाळेत मराठी आणि हिंदी शिकणाऱ्या मुलीसाठी ती चौथी ठरते. दहावीच्या कृतिपत्रिकेत, म्हणजे प्रश्नपत्रिकेत, इंग्रजी शब्द, वाक्ये आणि म्हणी-वाक्प्रचार यांचे माध्यमभाषेत भाषांतर करण्याचा ५ गुणांचा प्रश्न असतो. या मुलीचे त्यातले गुण गेले, तर ते इंग्रजी कळले नाही म्हणून गेले की मराठी शब्द सुचला नाही म्हणून, हे उत्तरपत्रिकेवरून ओळखता येत नाही.

शालान्त परीक्षेतील स्थान

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी जून २००० पासून सुरू झाले. त्याआधी मराठी शाळांत ते पाचवीपासून शिकवत. सोलापूर जिल्हा राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या पुणे विभागात येतो. दहावीला तृतीय भाषा इंग्रजीची लेखी परीक्षा तीन तासांची आणि ८० गुणांची असते. तोंडी परीक्षा धरून अंतर्गत मूल्यमापनाला २० गुण असतात. श्रवणाला जागा मिळते ती या २० गुणांतच, लेखी परीक्षेत नाही.

लेखी ८० गुणांपैकी पाठ्यपुस्तकातील गद्य उताऱ्यांना २० आणि कवितांना १० गुण असतात. पाठ्येतर उताऱ्यावरील कृतींना १० आणि त्याच उताऱ्याच्या सारांशाला ५ गुण मिळतात. उताऱ्याखाली सोपी माहिती, थोडी गुंतागुंतीची माहिती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि स्वमत अशा पाच कृती प्रत्येकी २ गुणांच्या येतात. आराखडा म्हणून हे नेटके आहे. पण वर्षभर वर्गात शिकवलेला, ओळ न् ओळ मराठीत समजावलेला आणि गाईडात उत्तरांसह छापलेला उतारा परीक्षेत पुन्हा आला, तर त्यातून वाचनाची परीक्षा होते असे म्हणणे धाडसाचे आहे. खऱ्या अर्थाने न वाचलेल्या मजकुराच्या वाट्याला १५ गुण येतात. सीबीएसईच्या दहावीच्या इंग्रजीत अपठित उताऱ्यांना २० गुण असतात, शिवाय श्रवण व भाषणाचा अंतर्गत मूल्यमापनात वेगळा भाग असतो.

तोंडीच्या गुणांचा इतिहास मजेशीर आहे. २०१८-१९ या वर्षी भाषांचे अंतर्गत गुण काढून १०० गुणांची लेखी परीक्षा घेण्यात आली. मार्च २०१९ च्या दहावीचा राज्याचा निकाल ७७.१० टक्के लागला. आदल्या वर्षी तो ८९.४१ टक्के होता. दहावीचा अभ्यासक्रमही त्याच वर्षी नवा होता, तेव्हा सगळे खापर एकाच कारणावर फोडणे बरे नव्हे. तरी पुढच्याच वर्षी ते २० गुण परत आले. शाळेच्या हाती असलेले गुण सढळ हाताने पडतात, हे पालकांनाही ठाऊक असते. त्यामुळे श्रवणचाचणी कागदावर होते, गुणांच्या तक्त्यात दिसते, आणि बऱ्याच ठिकाणी कोणी काही ऐकलेले नसते.

वाचनाची चाचणी

देवनागरी लिपी बहुतांशी उच्चाराप्रमाणे चालते, इंग्रजी स्पेलिंग चालत नाही. ‘नाइफ’ या शब्दाच्या आरंभीचे न बोलले जाणारे अक्षर किंवा ‘लिसन’मधले मूक अक्षर मुलाला एकेक करून पाठ करावे लागते. यामुळे आपल्याकडे खणखणीत प्रकट वाचनाचे फार कौतुक होते. पण अडखळत वाचणाऱ्याला मजकूर कळलेला असू शकतो आणि घडाघडा वाचणाऱ्याला एक अक्षरही कळलेले नसू शकते. ग्रामीण भागात घरोघरी होणाऱ्या ‘असर’ पाहणीच्या इंग्रजी भागात हे ध्यानात घेतलेले दिसते. मोठी अक्षरे, लहान अक्षरे, सोपे शब्द आणि सोपी वाक्ये या पायऱ्या चढलेल्या मुलाला शब्दांचा आणि वाक्यांचा अर्थ वेगळा विचारतात.

वाचनाच्या प्रश्नातला सर्वांत जुना दोष म्हणजे उचलेगिरीला वाव. एक निरर्थक मराठी वाक्य घेऊ : ‘गमट्याने भरदुपारी चिरपी ढुसकली.’ आता प्रश्न : चिरपी कोणी ढुसकली? गमट्याने. केव्हा ढुसकली? भरदुपारी. दोन्ही उत्तरे बिनचूक, पूर्ण गुण. आणि चिरपी हे जनावर की भांडे, ते आपल्याला शेवटपर्यंत कळलेले नाही. इंग्रजी उताऱ्यावरचे कितीतरी प्रश्न याच जातीचे असतात. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ती ओळ उतरवून काढायची, हे तंत्र सातवी-आठवीतली मुले आपापसांत शिकतात. त्यासाठी शिकवणी लागत नाही. प्रश्नात उताऱ्यातला शब्द जसाच्या तसा न वापरता वेगळ्या शब्दांत विचारले, किंवा दोन परिच्छेदांतली माहिती जोडल्याशिवाय उत्तर मिळणार नाही अशी रचना केली, की हे तंत्र लंगडे पडते.

दुसरा दोष पूर्वज्ञानाचा. स्थानिक संदर्भ यावेत म्हणून शिक्षक सिद्धेश्वर यात्रेवर उतारा तयार करतात. हेतू चांगला असतो. पण ‘यात्रा कोणत्या महिन्यात भरते?’ या प्रश्नाला सोलापूरचे मूल उतारा झाकून ‘जानेवारी’ लिहील. संक्रांत, नंदीध्वजांची मिरवणूक आणि गड्ड्यावरचे, म्हणजे जत्रेतले, पाळणे त्याने लहानपणापासून पाहिलेले असतात. उलट टोकाला बर्फवृष्टीत अडकलेल्या भुयारी रेल्वेवरचा उतारा आला, तर भाषा सोपी असूनही मूल प्रसंगातच हरवते. मधला मार्ग असा, की ठिकाण ओळखीचे ठेवायचे आणि घडलेली गोष्ट अनोळखी : चाटी गल्लीतल्या दुकानात चादर बदलून घ्यायला आलेले गिऱ्हाईक आणि पावतीमागे छापलेल्या अटी. प्रश्न पारखण्याची साधी युक्ती आहे. उतारा न देता नुसते प्रश्न दुसऱ्या तुकडीला सोडवायला द्यावेत. ज्या प्रश्नाची उत्तरे अंदाजाने येतील त्याहून जास्त बरोबर येतील, तो प्रश्न बाद करावा.

गाळलेल्या शब्दांची चाचणी विल्सन टेलर या अमेरिकी अभ्यासकाने १९५३ मध्ये मांडली. सलग मजकुरातला ठरावीक अंतरावरचा, बहुधा दर पाचवा ते सातवा, शब्द काढून टाकायचा आणि वाचणाऱ्याने तो भरायचा. पहिले वाक्य अखंड ठेवतात, म्हणजे विषय कळतो. आपल्या नेहमीच्या ‘रिकाम्या जागा भरा’शी हिचे नाते नावापुरतेच आहे, कारण तिथे शिक्षक हवा तो शब्द निवडून गाळतात. ही चाचणी तयार करायला पाच मिनिटे लागतात आणि ती पाठ करून येता येत नाही. व्याकरण आणि आकलन यांत ती फरक करत नाही, ही तिची मर्यादा. मूळचाच शब्द हवा की अर्थाला जुळणारा कोणताही चालेल, हे आधी ठरवले नाही तर तपासणाऱ्या दोन शिक्षकांचे गुण जुळत नाहीत.

श्रवणाची चाचणी

श्रवणात पहिला अडसर ध्वनीचा. ‘बेड’ आणि ‘बॅड’ हा भेद मराठी मुलाला फारसा जड जात नाही. बॅट, बॅग, बँक या शब्दांनी ॲ हा स्वर घरोघरी पोचवला आहे. जड जातो तो ‘शिप’ आणि ‘शीप’ हा भेद. मीठ, पीठ, दूध, मूल अशा अकारान्त शब्दांत मराठी जीभ शेवटच्या व्यंजनाआधीचा स्वर लांबवते. त्यामुळे जहाज आणि मेंढी कानाला एकच वाटतात. ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ची गत तीच. लिहिताना व्ह आणि व वेगळे, बोलताना बहुधा एकच.

आकड्यांचे प्रश्न याहून फसवे. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांतला फरक इंग्रज माणूस बराचसा आघातावरून, म्हणजे शब्दात कुठे जोर पडतो त्यावरून, ओळखतो. मराठीत आघाताने अर्थ बदलत नाही, त्यामुळे तो टिपायची कानाला सवय नसते. टॉवेलची किंमत किंवा गाडी सुटायची वेळ विचारणाऱ्या संवादात असे आकडे मुद्दाम घालतात. एकदोन असावेत, संवादभर तेच असले तर आकलन बाजूला राहून निव्वळ कानाची कसरत होते.

तेलुगू किंवा कन्नड घरातले मूल ‘बस’ला ‘बस्सु’ म्हणते, तेव्हा काही शिक्षक श्रवणाचेही गुण कापतात. हे चूक आहे. उच्चार हा भाषणाचा भाग. बस किती वाजता सुटते हे त्याला कळले असेल, तर श्रवणाचे गुण त्याचेच. श्रुतलेखनातही असाच घोळ होतो. शब्द बरोबर ऐकला, स्पेलिंग चुकले. गुण कशाचे द्यायचे? श्रवण मोजायचे असेल तर ध्वनीशी जुळणारे चुकीचे स्पेलिंग स्वीकारावे, आणि शक्यतो लिहायला लावूच नये.

चाचणी घेताना पाळायच्या गोष्टी थोड्या आहेत. प्रश्न आधी वाचायला द्यावेत, नाहीतर श्रवणाऐवजी स्मरणशक्ती मोजली जाते. उतारा दोनदा ऐकवावा. आयईएलटीएस परीक्षेत ध्वनिफीत एकदाच वाजते, पण ती परदेशी शिकायला निघालेल्यांसाठी आहे. तिच्यात श्रवणाचे ४० प्रश्न सुमारे तीस मिनिटांत संपतात. शिक्षकाने स्वतः वाचून दाखवले, तर मुले त्याच्या तोंडाकडे आणि हातवाऱ्यांकडे पाहून अर्धी उत्तरे ओळखतात. शिवाय कळत नाही असे दिसले की शिक्षकाचा वेग आपोआप कमी होतो आणि मग तो हळूच मराठीवर येतो. दयेपोटी होते, पण मोजमाप बिघडते.

अंदाजाचे गणित

चार पर्यायांचे २० प्रश्न असतील, तर काहीही न वाचता खुणा करणाऱ्याची सरासरी ५ उत्तरे बरोबर येतात. ३५ टक्क्यांची उत्तीर्णतेची रेघ ७ वर आहे. म्हणजे मधले अंतर अवघ्या दोन प्रश्नांचे. संभाव्यतेच्या हिशेबाने असे निव्वळ अंदाज करणारे शंभर विद्यार्थी बसवले, तर सुमारे २१ जण उत्तीर्ण होतील. प्रश्न ४० केले की हे प्रमाण बरेच खाली येते, म्हणून लहान बहुपर्यायी चाचणीवरून कोणाला नापास किंवा हुशार ठरवू नये.

एकेक प्रश्न पारखण्यासाठी बी.एड.च्या अभ्यासक्रमात शिकवली जाणारी रीत आजही पुरेशी आहे. ४४ विद्यार्थ्यांचा वर्ग गुणांनुसार लावून वरचे आणि खालचे २७ टक्के, म्हणजे १२-१२, निवडावेत. एखादा प्रश्न वरच्या गटात १० जणांना आणि खालच्या गटात ४ जणांना आला, तर त्याची काठिण्यपातळी (दोन्ही गटांत मिळून किती जणांना आला) १४ भागिले २४, म्हणजे ०.५८, आणि भेददर्शकता (दोन गटांतला फरक) ६ भागिले १२, म्हणजे ०.५०. प्रश्न उत्तम. भेददर्शकता शून्याखाली गेली, म्हणजे हुशार चुकले आणि कच्चे बरोबर आले, तर बहुधा उत्तरसूचीच चुकलेली असते. आधी ती तपासावी.

अन्य परीक्षा

२०२५-२६ पर्यंत आठवीला होणाऱ्या शिष्यवृत्ती परीक्षेत तृतीय भाषा इंग्रजीचे २५ बहुपर्यायी प्रश्न ५० गुणांना असत. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी झालेल्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात दहावीसाठी इंग्रजी हा विषय होता. दोन्ही लेखी, दोन्हींत श्रवण नाही. अकरा वर्षांवरील मुलांसाठी असलेल्या टोफेल ज्युनियर या खासगी चाचणीत श्रवण, भाषारचना आणि वाचन असे तीन विभाग आहेत.

साधने आणि जागा

पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड मोबाइलवर उघडून ध्वनी ऐकवण्याची सोय आता आहे. या कल्पनेचे एक उगमस्थान सोलापूर जिल्ह्यातच आहे. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांत क्यूआर कोड वापरण्याचा प्रयोग केला आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

फुकटचे साहित्यही गावात भरपूर आहे. सोलापूर स्थानकावर हुतात्मा आणि सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या उद्घोषणा मराठी, हिंदी आणि इंग्रजीत होतात. तशाच धर्तीची, पण गाडीची वेळ आणि फलाट बदललेली उद्घोषणा करून तिच्यावर पाच प्रश्न काढता येतात. खरी उद्घोषणा मात्र वापरू नये. हुतात्मा एक्स्प्रेस किती वाजता सुटते हे पुण्याला ये-जा करणाऱ्या घरातल्या पोराला झोपेतही माहीत असते.

उरतो तो आवाजाचा प्रश्न. पूर्व भागात वर्गाच्या भिंतीपलीकडे यंत्रमागांची खटखट चालू असते. वार्षिक परीक्षेच्या सुमारास सोलापूरचा पारा चाळिशीला टेकतो. पंखे चालू ठेवले तर शेवटच्या बाकावर ऐकू येत नाही, बंद केले तर दहा मिनिटांत वर्ग घामाघूम होतो. म्हणून श्रवणचाचणी सकाळच्या पहिल्या तासाला आणि शक्यतो हिवाळ्यात घेणे श्रेयस्कर. गुण देताना बाकांच्या रांगा नोंदवून ठेवाव्यात. पुढून मागे जाताना गुण रांगेरांगेने उतरत गेलेले दिसले, तर वर्गाचे दोन गट करून, स्पीकर मधोमध ठेवून, चाचणी पुन्हा घ्यावी लागते.