स्टॉर्म डोअर: ऋतूप्रमाणे काच आणि जाळी बदलायचं बाहेरचं दार

अमेरिकेत आणि कॅनडात, खासकरून जिथे बर्फ पडतो त्या भागात, घराच्या मुख्य दाराच्या बाहेरच्या अंगाला आणखी एक हलकं दार असतं, त्याला स्टॉर्म डोअर म्हणतात. मुख्य दार आत उघडतं आणि हे बाहेर, दोघांच्या मध्ये चार बोटं जागा. ह्याचे प्रकार बरेच आहेत पण ही नोंद मुख्यतः ज्यात मधलं पॅनल काढता-घालता येतं त्या प्रकाराबद्दल आहे, म्हणजे थंडीत काच, उन्हाळ्यात जाळी, आणि दाराची चौकट, बिजागऱ्या, हँडल बारा महिने तेच. चक्रीवादळ अडवायला हे दार नसतं, त्यासाठी फ्लोरिडासारख्या ठिकाणी वेगळी शटरं नाहीतर आघात सोसणारी काच लावतात. हे रोजच्या वाऱ्यापावसासाठी, बर्फासाठी आणि उन्हाळ्यातल्या डासांसाठी.

एकाच दारात दोन्ही का लागतं ते तिथली हवा बघितली की कळतं. मिनेसोटातलं मिनिआपोलिस घ्या, जानेवारीत रात्री उणे १५ सेल्सिअसच्या आसपास पारा जाणं नेहमीचं आणि जुलैत दुपारी २८-३० अंश, शिवाय राज्यभर तळीच तळी त्यामुळे संध्याकाळ झाली की डासांचा थवा. तेच घर, तीच माणसं, सहा महिन्यांत दारासमोरची गरज पूर्ण उलटी होते. आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या फ्लॅटला सेफ्टी डोअर असतं ना, तेही मुख्य दाराच्या बाहेर आणि बाहेर उघडणारं, पण ते चोरापासून जपायला आणि कोण आलंय ते बघायला, त्याला हवामानाशी फारसं घेणंदेणं नाही. स्टॉर्म डोअरचं कुलूप साधंच असतं, चोर थांबवायचं काम आतल्या दाराचं.

माझ्या मते ह्या दाराचं सगळ्यात मोठं देणं म्हणजे त्याच्यामुळे मुख्य दार दिवसा उघडं ठेवता येतं. तिथली मुख्य दारं बहुतेक भरीव, स्टीलची नाहीतर लाकडाची, बंद केली की पुढचा पॅसेज अंधारा. थंडीत काच लावलेली असली की मुख्य दार उघडं टाकून दुपारचं ऊन घरात घेता येतं आणि वारा बाहेरच राहतो, उन्हाळ्यात जाळी असली की घरभर वारा खेळतो. गावाकडे दार दिवसभर सताड उघडं असतं त्याची सवय असलेल्या माणसाला हे लगेच पटतं. हीटिंगचं बिल किती वाचतं ह्यावरच सगळी चर्चा होते पण उजेड आणि हवा ह्या दोन गोष्टी त्याहून मोठ्या आहेत असं मी ठामपणे म्हणेन.

बांधणी

चौकट बहुतेक ॲल्युमिनियमची, जाडी साधारण १ ते २ इंच, स्वस्त दारांत लाकडाच्या भुशाच्या बोर्डावर पातळ ॲल्युमिनियम नाहीतर प्लास्टिकचा पत्रा. जुन्या घरांना अजूनही लाकडी दारं बसवतात आणि ती दिसायला फार सुंदर असतात, फक्त रंगरंगोटीची जबाबदारी घ्यावी लागते. दार घराच्या मूळ चौकटीच्या बाहेरच्या पट्टीवर झेड आकाराच्या धातूच्या पट्ट्यांनी बसतं, वरच्या पट्टीवरून पावसाचं पाणी बाहेर गळतं, आणि दाराच्या तळाला खालीवर सरकणारी पट्टी असते तिला रबराच्या झालरी, उंबऱ्याशी फट राहू नये म्हणून. वर एक स्प्रिंग लावलेली साखळी असते, ती फालतू वाटते पण काढू नका, कारण बाहेर उघडणारं दार वाऱ्याने एकदा धरलं की बिजागऱ्यांसकट उपटून निघू शकतं आणि तो झटका ही साखळी घेते. दार आपोआप लावायला हवेच्या दाबावरचा नळीसारखा क्लोजर असतो, मोठ्या दाराला दोन.

पॅनल बदलणं

मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डे असतो, त्या सुमाराला जाळी, आणि ऑक्टोबरमध्ये पहिलं दव गोठायच्या आत काच, असा बऱ्याच घरांचा रिवाज. जुन्या लाकडी दारात पॅनल लाकडाच्या फिरत्या खुंट्यांनी अडकवलेलं असायचं, खुंटी फिरवली की सुटलं. आताच्या ॲल्युमिनियमच्या दारांत खाचेत दाबून बसवायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या असतात नाहीतर हाताने फिरवायचे स्क्रू लावलेल्या क्लिपा, आणि हे सगळं घरातल्या बाजूला, म्हणजे बाहेरून कोणी सहज पॅनल काढू शकत नाही. प्लास्टिकच्या पट्ट्या थंडीत कडक होतात आणि ओढताना तुटतात, म्हणून हे काम ऊब असताना करावं, पहिल्या बर्फाची वाट बघू नये.

काच हलकी नसते. ३ मिलिमीटर जाडीची काच चौरस मीटरला साडेसात किलो भरते, आणि अख्ख्या दाराएवढं पॅनल दीड चौरस मीटरच्या जवळपास जातं म्हणजे दहा-अकरा किलो झाले, शिवाय आकार अडनिडा, धरायला जागा नाही, वाऱ्यात तर शिडासारखं ओढलं जातं. दोन माणसं लागतातच. ही काच टेम्पर्ड म्हणजे तापवून कडक केलेली असते, मधे जोरात धक्का बसला तरी सहसा टिकते पण काठ किंवा कोपरा सिमेंटवर टेकला तरी अख्खी काच एका क्षणात चुरा होऊ शकते, म्हणून खाली जाड सतरंजी किंवा गोधडी टाकावी आणि काच ठेवताना आडवी न टाकता भिंतीला टेकून उभी ठेवावी. पुढच्या दाराची कुठली, मागच्या दाराची कुठली हे टेपवर लिहून चिकटवलं की पुढच्या हंगामात डोकं खाजवायला नको. जुन्या घरांत खिडक्यांनाही अशीच थंडीची वेगळी तावदानं असायची आणि प्रत्येक खिडकी मापाने थोडी वेगळी, म्हणून आकडे कोरलेले छोटे खिळे मिळायचे, एक चौकटीवर ठोकायचा आणि त्याच आकड्याचा एक तावदानावर.

आता एक गोष्ट जी बरेच जण विसरतात. काच लावली की दार हवा अडवतं, बंद होताना आतल्या बंद दारामुळे मधल्या जागेत हवा दाबली जाते आणि दार शेवटच्या दोन बोटांवर येऊन अडतं, कडी बसत नाही. जाळी लावली की हवा आरपार जाते, तेच दार धाडकन आपटतं. म्हणून पॅनल बदललं की क्लोजरच्या टोकाचा स्क्रू पण थोडा फिरवायचा, काचेच्या वेळी दार जोरात लागेल असा आणि जाळीच्या वेळी सावकाश. दोन मिनिटांचं काम आहे आणि नाही केलं तर हिवाळाभर दार अर्धवट उघडं राहतं, म्हणजे मग काच लावूनही काय उपयोग.

जाळी आता बहुतेक फायबरग्लासची, इंचाला १८ बाय १६ धागे अशी विण सर्रास मिळते. कुत्रं-मांजर असेल तर जाड पॉलिएस्टरची, अगदी बारीक चिलटं असतील तर २० बाय २० ची, पण जाळी जितकी दाट तितका वारा कमी. फाटली तर घरीच बदलता येते, चौकटीच्या खाचेतली रबरी दोरी उपसायची, नवी जाळी पसरायची आणि छोट्या चाकाच्या हत्याराने दोरी परत खाचेत दाबत जायची. जाळी फार ताणू नये, नाहीतर पातळ चौकट मधे आत ओढली जाते आणि दोन्ही बाजूंना फट पडते, डासांना तेवढी पुरते.

कुठून आलं

पूर्वी पॅनल नव्हे, अख्खं दारच बदलायचे. थंडीला भरीव लाकडाचं एक, उन्हाळ्याला जाळीचं दुसरं, बिजागरीतली कांडी काढायची आणि त्याच बिजागऱ्यांवर दुसरं दार टांगायचं. जाळीचा प्रसार व्हायला एक विचित्र कारण घडलं. कनेटिकट राज्यातल्या जॉर्जटाउनची गिल्बर्ट अँड बेनेट ही कंपनी तारेच्या चाळण्या बनवायची, १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं आणि दक्षिणेकडचं गिऱ्हाईक तुटलं, तारेचं कापड पडून राहिलं, तेव्हा त्याला रंग देऊन ते खिडक्यांची जाळी म्हणून विकायला काढलं आणि ते चाललं. सुरुवातीला लोकांना माश्या नकोशा होत्या इतकंच. डासाचा प्रश्न जिवावरचा आहे हे नंतर कळलं, आणि त्यात एक धागा भारतातला आहे: १८९७ साली सिकंदराबादला रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला. मग १९०० च्या उन्हाळ्यात लुई सँबन आणि जॉर्ज लो हे दोन डॉक्टर रोमजवळच्या ओस्टियाच्या दलदलीत, जिथे मलेरियाने माणसं मरत होती तिथे, दारं-खिडक्यांना जाळी लावलेल्या झोपडीत राहिले, सूर्यास्ताआधी आत आणि सूर्योदयानंतर बाहेर, मलेरियावरचं औषध क्विनीन न घेता, आणि त्यांना ताप आला नाही. दाराला जाळी लावणं ही हौस नाही, आरोग्याची गोष्ट आहे, हे त्याहून सरळ कसं दाखवणार.

२० व्या शतकाच्या पूर्वार्धात काच आणि जाळी एकाच लाकडी दारात बसवायची पद्धत रूढ झाली आणि अख्खं दार उचलायचा त्रास संपला. दुसऱ्या महायुद्धानंतर ॲल्युमिनियम मुबलक झालं, उपनगरं वाढली, आणि जाळीच्या पुढे नक्षीदार पट्ट्या, फ्लेमिंगो पक्षी, घरमालकाच्या आडनावाचं पहिलं अक्षर असलेली ॲल्युमिनियमची दारं घरोघर दिसायला लागली.

जाळीच्या दारांबद्दल लिहायचं आणि अमेरिकेतलं बाल्टिमोर शहर सोडायचं हे बरोबर नाही. तिथल्या पूर्व भागात विल्यम ऑक्टाव्हेक नावाचा, बोहेमियातून आलेला माणूस कोपऱ्यावर किराणा-भाजीचं दुकान चालवायचा, उन्हाने भाजी सुकते म्हणून ती आत ठेवावी लागायची, तर १९१३ मध्ये त्याने दुकानाच्या जाळीच्या दारावरच फळं आणि भाज्या रंगवल्या. लोकांच्या लक्षात आलं की बाहेरून चित्र दिसतं, आतलं काही दिसत नाही, आणि आतून मात्र रस्ता स्वच्छ दिसतो, वाराही अडत नाही कारण रंग फक्त तारेवर बसतो, छिद्रं मोकळी राहतात. तिथली घरं एकाला एक चिकटून आणि खिडक्या थेट फुटपाथवर, चाळीतल्या तळमजल्याच्या खोलीत राहिलेल्याला ही अडचण वेगळी सांगायला नको. मग शेजारणींनी खिडक्यांसाठी मागणी केली आणि लाल छपराचं घर, पुढे तळं, तळ्यात हंस असं चित्र गल्लोगल्ली झालं. शहराची ही लोककला अजून शिकवली जाते.

काचेचं मात्र बरीच वर्षं वाईट चाललं होतं. साधी काच असायची, मुलं धावत येऊन दारावर हात मारायची आणि काच फुटून मोठमोठे सुरे अंगात घुसायचे. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाचा नियम १९७७ मध्ये लागू झाला, तेव्हापासून अशा दारांत सुरक्षित काचच लावावी लागते, आणि तिची परीक्षा म्हणजे चामड्याच्या पिशवीत शिशाचे छर्रे भरून जवळपास ४५ किलोचं वजन काचेवर झोकतात, काच फुटू नये आणि फुटलीच तर जिवावर बेतेल अशी फुटू नये. जुनं घर घेतलं आणि दार त्याच्या आधीचं वाटलं तर काचेच्या कोपऱ्यात कोरलेला शिक्का शोधा, नसेल तर काच बदलून घ्या, ह्यात चालढकल नको.

बचत किती आणि धोका कुठे

दोन दारांच्या मधली स्थिर हवा थोडी ऊब धरते पण मुख्य फायदा होतो तो फटीतून येणारा वारा अडल्यामुळे. म्हणून जुनं, गळकं पण धडधाकट दार असेल तर स्टॉर्म डोअर लावण्यात अर्थ आहे, आणि नवीन फोम भरलेलं दार असेल तर बिलात फारसा फरक पडत नाही, अमेरिकेचा ऊर्जा विभाग स्वतःच असं सांगतो. तोच विभाग आणखी एक इशारा देतो, मुख्य दारावर रोज काही तासांहून जास्त थेट ऊन येत असेल तर पुढे काचेचं दार लावू नका. काच ऊन आत घेते, मधली हवा तापते, बाहेर पडायला वाट नसते, गडद रंगाच्या दाराचा रंग फुगतो आणि प्लास्टिकच्या कडा वाकतात. दक्षिणेला किंवा पश्चिमेला तोंड असेल तर वसंत ऋतू लागताच जाळी लावायचा आळस करू नये, नाहीतर काच थोडी उघडी राहील असं दार घ्यावं. थंडीत काचेला आतून घाम किंवा बर्फ धरत असेल तर समजायचं की आतलं दार गळतंय, घरातली दमट हवा तिथे पोचतेय, दुरुस्ती आतल्या दाराची हवी.

न्यू जर्सीतलं एडिसन, शिकागोची उपनगरं, डेट्रॉइटच्या आसपासची मराठी घरं, इथे हे दार आता ओळखीचं झालंय. तोरण आतल्या चौकटीला लावलं की त्याच चार बोटांच्या जागेत बर्फापासून सुरक्षित राहतं आणि काचेतून दिसतं. दिवाळी नेमकी काच लावायच्या सुमाराला येते, तेव्हा पेटती पणती मात्र दोन दारांच्या मध्ये अजिबात ठेवू नका, ती जागा बंद आहे आणि तोरण वरच आहे. आणि आईवडील भारतातून आलेले असतील तर पायऱ्यांकडे बघा. तिथले घरबांधणीचे नियम स्टॉर्म डोअरला पायरीवरून बाहेर उघडायची मुभा देतात, त्यामुळे दाराबाहेर सपाट जागा नसेल तर बेल वाजवून उभ्या असलेल्या माणसाला दार उघडताना एक पायरी मागे उतरावं लागतं, बर्फ असताना म्हाताऱ्या माणसाला ते धोक्याचं आहे. कठडा हवाच.

घेताना रुंदी ३०, ३२, ३४ किंवा ३६ इंच आणि उंची ८० ते ८१ इंच ही नेहमीची मापं, पण उघड्या जागेचं माप वर, मध्ये, खाली असं तीन ठिकाणी घ्यावं आणि सगळ्यात कमी असेल ते धरावं. काच-जाळी बदलायची कटकट नको म्हणून आता काच खालीवर सरकणारी आणि जाळी रोलरमध्ये गुंडाळली जाणारी दारं जास्त खपतात, एसी आल्यापासून बऱ्याच घरांत तर जाळी गॅरेजमध्येच पडून असते. सरकत्या दारात सोय आहे हे खरं, पण त्यात एका वेळी अर्धंच दार उघडं राहतं. अख्ख्या उंचीची जाळी लावली की उंबऱ्यापासून वरपर्यंत वारा येतो, आणि ज्याच्या घरात वर्षातून दोनदा अर्धा तास काढणारी दोन माणसं आहेत त्याने बदलायच्या पॅनलचंच दार घ्यावं.