कालवांचा आहार, वाढ व प्रजनन

कालव पाण्यातील सूक्ष्म शैवाल कल्ल्यांनी गाळून खाते. संवर्धनातही बीज, म्हणजे कालवांची पिल्ले, एकदा खाडीत टांगले की वेगळे खाद्य द्यावे लागत नाही. मांस किती भरेल आणि अंडी किती धरतील, हे मग त्या खाडीच्या पाण्यावर ठरते.

कालवांचे खरे अन्न कोणते, याविषयी दीर्घकाळ मतभेद होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जर्मन शरीरक्रियावैज्ञानिक आउगुस्ट प्यूटर यांनी जलचर मुख्यतः पाण्यात विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्यांवर पोसले जातात, असे मांडले. त्याच सुमारास डेन्मार्कचे सी. जी. योहानेस पीटरसन यांनी कुजलेल्या सागरी गवताच्या कणांना महत्त्व दिले. प्यूटर यांचे मत डॅनिश शरीरक्रियावैज्ञानिक आउगुस्ट क्रोग यांनी १९३१ मध्ये पुरेशा पुराव्याअभावी अमान्य केले. पुढे १९८२ मध्ये मायटिलस एड्युलिस हा शिणाण्याच्या कुळातील शिंपला विरघळलेली अमिनो अम्ले थेट शोषतो, असे आढळले. म्हणून प्यूटर यांचे म्हणणे सर्वस्वी टाकाऊ ठरत नाही. तथापि शैवाल हेच मुख्य अन्न, हे मत अधिक ग्राह्य वाटते. बीजोत्पादन केंद्रांतील अनुभव त्याला पोषक आहे.

शैवाल नुसते मुबलक असून भागत नाही. २० व २२ कार्बन अणूंची बहु-असंतृप्त मेदाम्ले कालवाला स्वतः पुरेशी तयार करता येत नाहीत. डुनालिएल्ला टर्टिओलेक्टा या शैवालात ती जवळजवळ नसतात, त्यामुळे केवळ त्यावर पोसलेली पिल्ले खुरटतात. आयसोक्रायसिस व कीटोसेरॉस या शैवालांचे मिश्रण उपयुक्त ठरते, ते एकाची उणीव दुसरे भरून काढते म्हणून. तुतिकोरिन येथे क्रॅसोस्ट्रिया मद्रासेन्सिस या भारतीय कालवाच्या डिंभांना (अंड्यातून निघालेल्या, पोहणाऱ्या पिल्लांना) आयसोक्रायसिस गॅलबाना देत.

प्रजननाचा पाया साठवलेल्या ग्लायकोजेनवर, म्हणजे शरीरातील पिष्टासारख्या साठ्यावर, असतो. खाद्य भरपूर असताना कालव ते साठवते आणि पुढे त्यातून अंडी-शुक्राणू घडवते; ते सोडल्यावर मांस पातळ व पाणचट होते. अंड्यातील मेद हीच डिंभाची पहिली शिदोरी होय. वेल्समधील कॉनवी येथे १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत जननसाठ्याला, म्हणजे प्रजननासाठी राखलेल्या कालवांना, पूरक शैवाल दिल्यास युरोपीय चपट्या कालवाचे डिंभ अधिक जोमदार निघतात, असे दिसले. त्यापूर्वी, १९४० च्या दशकात, अमेरिकेतील मिलफर्ड येथे व्हिक्टर लूसानॉफ यांनी ऐन हिवाळ्यात पाणी कोमट ठेवून कालवे पक्व केली होती. मात्र उष्णतेने पक्वता लवकर येते, एवढेच. रोडावलेल्या कालवाला त्यामुळे अंडी भरपूर येत नाहीत.

त्रिगुणित गुणसूत्रांची, म्हणजे गुणसूत्रांचे नेहमीच्या दोनऐवजी तीन संच असलेली, कालवे बहुधा वंध्य असतात. जननपेशींवर खर्च होणारे पोषण त्यांच्या मांसात राहते, म्हणून उन्हाळ्यातही ती भरलेली मिळतात.