मयताच्या धंद्यातून निघालेलं टेलिफोन एक्सचेंज

काळ्या फोनच्या डायलला बारकंसं कुलूप लावायची आपल्याकडे एकेकाळी पद्धत होती. घरातली वांड पोरं त्यालाही पुरून उरायची. रिसीव्हर ठेवायची खुंटी चारदा टकटक दाबली, की चारचा आकडा गेला. कुलूप जागच्या जागी, फोन मात्र लागलेला!

ही युक्ती चालायची त्याचं मूळ अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत आहे. आल्मन स्ट्रोजर (जन्म 1839) तिथे अंत्यसंस्काराची व्यवस्था करून देण्याचा धंदा करायचा. त्याआधी शिक्षकी झाली होती, यादवी युद्धात लढूनही झालं होतं. तेव्हा फोन उचलला की एक्सचेंजमधली बाई विचारायची, ‘कोण हवंय?’ आणि हाताने वायर जोडून द्यायची. गावातल्या दुसऱ्या अशाच व्यावसायिकाची बायको ऑपरेटर होती आणि ती आपली गिऱ्हाइकं नवऱ्याकडे वळवते, असा स्ट्रोजरला संशय होता म्हणे. खरंखोटं देव जाणे. पण त्याने ऑपरेटरच काढून टाकायचं ठरवलं.

शर्टाच्या कॉलर ठेवायच्या गोल डब्यात टाचण्या रोवून त्याने पहिला नमुना केला असं सांगतात. 1891 मध्ये पेटंट मिळालं, त्याच वर्षी कंपनी निघाली आणि 3 नोव्हेंबर 1892 रोजी इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावात पहिलं स्वयंचलित एक्सचेंज सुरू झालं. ग्राहक सुमारे 75. डायल नव्हतीच, जो आकडा हवा, तितक्या वेळा बटण दाबायचं. मोजताना चुकलात तर फोन भलत्याकडेच!

डायल 1896 मध्ये आली, ती कंपनीतल्या कीथ आणि एरिक्सन बंधूंनी केली. खरं तर यंत्र वापरण्याजोगं करण्याचं बरंच श्रेय या मंडळींचं. डायल सुटून मागे फिरताना आकड्याइतक्या वेळा वीजप्रवाह तुटतो, शून्याला दहा वेळा. एक्सचेंजमध्ये एक दांडी असते आणि तिच्यासमोर दहा मजले, दर मजल्यावर दहा जोडबिंदू. 47 फिरवलं तर पहिल्या चार झटक्यांनी दांडी चौथ्या मजल्यावर चढते, पुढच्या सात झटक्यांनी वळून सातव्या बिंदूला टेकते. झटके डायलने दिले की खुंटी दाबून, याच्याशी तिला काही देणंघेणं नाही.

असली खडखडणारी यंत्रं पुढे बंगळूरच्या आयटीआय (इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज) कारखान्यातही बनली, आणि त्यांच्यावर आपले फोन कित्येक वर्षं चालले.

स्ट्रोजरने 1896 मध्ये पेटंट 1,800 डॉलरला विकली, दोन वर्षांनी कंपनीतला वाटा 10,000 डॉलरला. 1902 मध्ये फ्लोरिडात तो वारला. 1916 मध्ये बेल या बड्या अमेरिकन टेलिफोन कंपनीने तीच पेटंट घेतली, तेव्हा 25 लाख डॉलर मोजले.