वारूळ एक, चुली दोन

एका घरट्यात वाळवीची एकच जात राहते आणि दुसरी घुसलीच तर ती यजमानाचं अन्न चोरते, हा समज जुना आहे. शास्त्रज्ञांनीसुद्धा अशा एका जातीचं नाव ‘फर’ ठेवलं. लॅटिनमध्ये फर म्हणजे चोर! बिचारीची बदनामी नावातच.

ब्राझीलच्या सेराडो माळरानावर कॉन्स्ट्रिक्टोटर्मेस ही वाळवी बहुधा झाडाच्या खोडावर घरटं बांधते. रात्री उघड्यावर रांगा लावून ती लाकूड खायला बाहेर पडते. ‘फर’ ज्या गटातली, तो इन्क्विलिनिटर्मेस स्वतः घरटं बांधतच नाही. कॉन्स्ट्रिक्टोटर्मेसच्या घरट्यातच राहतो. आयत्या बिळावर नागोबा, हे कबूल. पण ताट वेगळं. घरट्याच्या गाभ्यात यजमानाच्या विष्ठेचे काळे थर साठतात. पाहुणी त्यांच्या आसपासच राहते आणि तेच खाते. म्हणजे यजमानाने टाकलेलं तिचं जेवण. लाकडाला ती तोंड लावत नाही.

दोघींचं गूळपीठ आहे असंही नाही. समोरासमोर आल्या तर यजमान अंगावर धावून जाते. पाहुणी सहसा उलट चावत नाही, मुकाट काढता पाय घेते.