खुलासा: आर्मस्ट्राँग डोप टेस्टमुळे पडला नाही

रविवारी पहाटे सयाजीबागेच्या फाटकाशी सायकली टेकवून चहा घेताना आम्हा बडोदेकरांत पुन्हा तेच निघालं: 'लान्स आर्मस्ट्राँग टेस्टमध्ये पकडला गेला.' नाही हो! १९९९ ते २००५ या अमेरिकन सायकलपटूने सलग सात वेळा टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत जिंकली. पहिल्या वर्षी लघवीत कॉर्टिकोस्टेरॉइड या सूज कमी करणाऱ्या औषधाचा अंश सापडलाही; पण सीटने आलेल्या फोडांवरच्या मलमाची, मागची तारीख घातलेली चिठ्ठी पुढे केली आणि प्रकरण मिटलं. ईपीओ (रक्तातल्या लाल पेशी वाढवणारं औषध) शोधणारी चाचणी तर तेव्हा वापरात नव्हतीच. त्याला पाडलं साक्षींनी. त्यात त्याचेच ११ जुने सहकारी होते. २०१२ मध्ये किताब गेले, जानेवारी २०१३ मध्ये कबुली आली. किताब दुसऱ्या क्रमांकाला दिले, हेही खोटं. कर्करोगातून उठलेल्या त्या माणसाचा फोटो माझ्या कपाटावर होता, म्हणून हे जास्त लागतं. विजेत्यांच्या यादीत ती सात वर्षं रिकामी आहेत.