टायमिंग बेल्ट तुटणे : निदान व दुरुस्ती

मोटारीच्या इंजिनात क्रँकशाफ्टची (पिस्टनांमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याची) गती कॅमशाफ्टपर्यंत (झडपा म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापर्यंत) नेणाऱ्या दातेरी रबरी पट्ट्याला टायमिंग बेल्ट म्हणतात. चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. या २:१ प्रमाणावरच व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ बांधलेली असते. बेल्ट तुटला, त्याचे दात झडले किंवा तो पुलीवर एक-दोन दात सरकला, की हा मेळ बिघडतो. मोठ्या संख्येने बनलेल्या मोटारींत असा बेल्ट १९६२ मध्ये ग्लास १००४ या जर्मन गाडीत प्रथम वापरला गेला.

मुंबईच्या गॅरेजांतून बेल्टचे काम सर्रास होऊ लागले ते मारुती ८०० आणि पुढे सँट्रो, इंडिका अशा गाड्या आल्यावर. त्याआधीच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनीचा कॅमशाफ्ट इंजिनाच्या ब्लॉकमध्येच, म्हणजे सिलिंडर असलेल्या खालच्या भागात, असे आणि साखळीवर चाले. आता बऱ्याच नव्या इंजिनांत पुन्हा साखळीच आहे.

बेल्ट बदलण्याची मुदत उत्पादक किलोमीटर आणि वर्षे अशी दुहेरी देतात व त्यांपैकी जी आधी संपेल ती धरायची असते. ६०,००० ते १,००,००० किलोमीटर हा सामान्यतः आढळणारा पल्ला आहे. मुंबईत मात्र किलोमीटरचा आकडा फसवा ठरतो, कारण शीवच्या सिग्नलला किंवा द्रुतगती महामार्गावरच्या कोंडीत गाडी जागची हलत नसली तरी इंजिन चालू असते आणि बेल्ट फिरतच राहतो.

बेल्ट तुटल्यावर इंजिन आचके न देता एकदम बंद पडते. सेल्फ मारल्यास ते नेहमीपेक्षा हलके आणि भरभर फिरते, कारण व्हॉल्व्ह जागच्या जागी थिजल्यामुळे सिलिंडरमध्ये दाब साठत नाही. इंधनाचा पंप किंवा इग्निशन बंद पडले तरी गाडी अशीच थांबते, पण तेव्हा सेल्फचा आवाज नेहमीसारखा जड, ठेक्यात येतो. शंका आल्यास बेल्टचे वरचे कव्हर सोडवून पाहावे. बेल्ट केवळ सरकला असेल तर इंजिन चालते, पण थरथरते, ओढ कमी होते, इंजिनाचा दिवा लागतो आणि स्कॅनरवर अनेकदा पी००१६ हा क्रँक-कॅमचा मेळ बिघडल्याचा कोड दिसतो.

खरे नुकसान येथून पुढे वाढू शकते. ज्या इंजिनांत उघड्या व्हॉल्व्हची आणि वर आलेल्या पिस्टनची जागा एकमेकांत येते, त्यांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून ते वाकवतो. डिझेल इंजिने जवळजवळ सर्व याच जातीची असतात. अशा वेळी पुन्हा पुन्हा सेल्फ मारणे किंवा चार माणसे जमवून गाडी धक्का देऊन चालू करू पाहणे घातक असते. रस्त्यावर मदतीला धावणारे नेमके हेच करतात. गाडी न्यूट्रलमध्ये बाजूला घेऊन टोइंगने न्यावी.

तुटलेला बेल्ट फेकून देऊ नये. कारण बहुधा त्याच्यावरच दिसते. पाठीवर भेगा असतील तर वय झाले आहे. रबर फुगून मऊ पडले असेल तर क्रँक किंवा कॅमच्या ऑईल सीलमधून (तेल अडवणाऱ्या रबरी कडीतून) तेल झिरपत होते. कडा झिजून धागे सुटले असतील तर टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) किंवा दुसरी पुली तिरकी चालत होती. सलग दात झडले असतील तर वॉटर पंप किंवा कॅमशाफ्ट अडकला असावा. हे कारण तसेच ठेवून नवा बेल्ट चढवणारा मिस्त्री गिऱ्हाइकाला फार तर थोडे दिवस देतो. म्हणून बेल्टबरोबर टेन्शनर, आयडलर (बेल्टला वाट देणारी मोकळी पुली) आणि, बेल्टवरच चालत असेल तर, वॉटर पंपही बदलतात.

व्हॉल्व्ह वाकल्याचा संशय असल्यास हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग, उतरवावे लागते. उलट्या ठेवलेल्या हेडच्या पोकळीत रॉकेल ओतल्यावर ते पोर्टमधून (हवा-धुराच्या वाटेतून) पाझरले, तर तो व्हॉल्व्ह नीट बसत नाही. वाकलेला व्हॉल्व्ह सरळ करून वापरू नये. नवे व्हॉल्व्ह त्यांच्या सीटवर घासून बसवतात, गाइड (व्हॉल्व्हची दांडी धरणाऱ्या नळ्या) व पिस्टनचे माथे तपासतात, आणि हेड गॅस्केट नवेच घालतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुने हेड आणण्याचा पर्याय स्वस्त वाटतो. त्याचा सपाटपणा व तडे मात्र आधी तपासून घ्यावेत.

टायमिंग लावताना कॅमशाफ्ट फिरवण्यापूर्वी पिस्टन मध्यावर ठेवतात, म्हणजे व्हॉल्व्हला जागा मिळते. मग कॅम आणि शेवटी क्रँक पुलीवरच्या जुळवणीच्या खुणेवर आणून, ताणाची (टेन्शनर नसलेली) बाजू घट्ट ठेवत बेल्ट चढवतात आणि टेन्शनर उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे बसवतात. इंजिन चालू करण्याआधी क्रँक पान्याने, चालायच्या दिशेने, पूर्ण दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात का ते पाहतात. फिरवताना पाना मध्येच कठीण लागून अडला तर जोर लावायचा नसतो. बेल्ट उतरवून टायमिंग पहिल्यापासून लावायचे असते.