सुरकुतलेला रंग: साय आधी, गाभा नंतर

दाराला ऑइलपेंटचा हात मारावा, संध्याकाळी पाहावं तर वरचा भाग आरशासारखा आणि खालच्या कडेला मात्र बारीक वळ्या उठलेल्या. जिथे ओघळ येऊन साचतो तिथे हमखास. अशा ओघळावर ब्लेड चालवलं तर वर चिवट पापुद्रा आणि आत मधासारखा ओला रंग सापडतो. पृष्ठभाग वाळला आणि गाभा ओला राहिला, एवढंच इथे घडलेलं असतं. दोष कधी रंगाऱ्यावर, कधी डब्यावर, कधी उन्हावर टाकला जातो, आणि तिघांचाही थोडा वाटा असतोही. पण ही तक्रार तेलरंगाइतकीच जुनी आहे. 'पातळ हात द्या' ही डब्यावरची ओळ तिच्याशी शेकडो वर्षं झगडून आलेली आहे.

मुळात तेलरंग वाळतो म्हणजे पाण्यासारखा उडून जात नाही. थिनर उडतो तो वेगळा. जवसाचं तेल स्वतः जागेवरच राहतं आणि हवेतला ऑक्सिजन ओढून घेऊन घट्ट होतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्विस शास्त्रज्ञ निकोलस-थिओडोर द सॉस्यूर यांनी अक्रोडाच्या तेलावर हे मोजून पाहिलं. पहिल्या आठ महिन्यांत तेलाने आपल्या आकारमानाच्या जेमतेम तिप्पट वायू शोषला. मग पुढच्या दहा दिवसांत एकदम साठपट! तेल बराच काळ काही करत नाही आणि मग झपाट्याने सगळं उरकतं, हा त्याचा स्वभाव त्या प्रयोगात स्पष्ट दिसला. वाळताना जवसाच्या तेलाचं वजन घटत तर नाहीच, उलट दहा टक्क्यांच्या वर वाढतं.

सुरकुतीचं मूळ याच वाढीत आहे. हवा वरून लागते, म्हणून दुधावर धरावी तशी रंगावर आधी साय धरते. ही साय ऑक्सिजन घेत राहते आणि फुगते. तिला आडवं पसरायला जागा नसते, कारण कडा चिकटलेल्या असतात. खाली आधार म्हणावा तर तो अजून पातळ, सरकणारा. मग ती वर उचलली जाते आणि तिला घड्या पडतात. थर पातळ असेल तर साय धरेपर्यंत तळही घट्ट झालेला असतो आणि घडी पडायला वावच उरत नाही. जाड थराला ही सवलत नाही.

बाराव्या शतकात थिओफिलस या नावाने लिहिणाऱ्या एका युरोपीय मठवासी कारागिराने जवसाच्या तेलात रंग कालवण्याची कृती दिली आहे, आणि लगेच कुरकुरही केली आहे: आधीचा थर वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही, आणि आकृत्या रंगवताना ही वाट पाहणं फार लांबतं, कंटाळा आणतं. पुढचा सगळा इतिहास हा कंटाळा टाळण्याच्या खटपटींचा आहे असं मला वाटतं. ज्यांनी वाट पाहिली नाही, त्यांच्यात लिओनार्दो दा विंचीही होता. म्युनिकच्या आल्टे पिनाकोथेकमध्ये त्याचं १४७०च्या दशकातलं, हातात लाल फूल धरलेल्या मेरीचं चित्र आहे. तरुण लिओनार्दोला तेलाचं प्रमाण अजून साधलेलं नव्हतं. मेरीच्या चेहऱ्यावरचा रंग आजही चामड्यासारखा सुरकुतलेला दिसतो. चित्रकारांच्या शाळांत पुढे 'कमी तेलाच्या थरावर जास्त तेलाचा थर, उलट कधीच नाही' हा नियम रुळला, तो अशाच अनुभवांतून. जोशुआ रेनॉल्ड्ससारख्या अठराव्या शतकातल्या नामवंतांनी मेण, राळ, डांबरासारखं बिटुमेन असं काय काय रंगात घातलं. बिटुमेन तर पूर्णपणे कधी वाळतच नाही, त्यामुळे त्यांची काही चित्रं त्यांच्या हयातीतच बिघडू लागली होती.

वाट पाहायची नसेल तर वाळणं घाईने घडवून आणायचं. त्यासाठी तेल मुरदाडशिंगाबरोबर, म्हणजे शिशाच्या ऑक्साइडबरोबर, उकळायची रीत फार जुनी. मँगनीज असलेल्या उंबर मातीनेही रंग लवकर वाळतो, हे चित्रकारांना कारण न कळताच ठाऊक होतं. नंतर कोबाल्टचे क्षार आले आणि खेळ बदलला. कोबाल्ट अतिशय जोरकस, पण त्याचं काम पृष्ठभागावर चालतं. शिसं मंद, पण थराच्या आतपर्यंत पोहोचणारं. म्हणून रंग बनवणारे दोन्ही मिळून वापरत: एक साय धरवणारा, दुसरा गाभा घट्ट करणारा. कोबाल्ट थोडं जास्त झालं की सुरकुत्या आल्याच.

शिशाच्या विषारीपणामुळे ही जोडी मोडावी लागली. १९७८मध्ये अमेरिकेने घरगुती रंगातल्या शिशावर ०.०६ टक्क्यांची मर्यादा घातली, आणि इतर देशांतही असे नियम येत गेले. शिशाची जागा झिर्कोनियम आणि कॅल्शियमच्या क्षारांनी घेतली. ती घेतली जाणं आवश्यकच होतं, पण जुन्या हातांना नव्या रंगाचा अंदाज पुन्हा बसवावा लागला. आता कोबाल्टच्या क्षारांवरही आरोग्याच्या कारणाने बोट ठेवलं जातंय आणि लोह व मँगनीजवर आधारलेले ड्रायर, म्हणजे रंग लवकर वाळवणारी द्रव्यं, पुढे येतायत, म्हणजे हा तोल साधण्याचं काम संपलेलं नाही.

दरम्यान एक वेगळंच तेल पाश्चात्त्य कारखान्यांत पोहोचलं. चीनमधलं टुंग तेल जवसापेक्षा कितीतरी लवकर वाळतं आणि पाण्याला दाद देत नाही, त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वार्निशवाल्यांची त्यावर नजर होती. अडचण अशी की कच्चं टुंग तेल वाळताना पांढुरकं, दाणेदार, सुरकुतलेलं होतं. गॅसच्या ज्योतीने तापवलेल्या भट्टीत वाळवलं तर ज्वलनातून निघणाऱ्या वायूंमुळे आणखीच. उपाय म्हणजे ते आधी कडक तापवायचं. पण २८० अंश सेल्सियसच्या आसपास हे तेल काही मिनिटांतच जेलीसारखं थिजतं, आणि मग अख्खी कढई फेकावी लागते. योग्य क्षणी आच काढून राळ ओतून तेल थंड करणं हे वार्निश शिजवणाऱ्याचं खरं कसब होतं.

कुणाच्या तरी लक्षात आलं असावं की हा दोष दिसायला काही वाईट नाही. धातूच्या ओतीव भागांवर खड्डे, ओरखडे, सांध्यांच्या खुणा असतात. चकचकीत रंग त्या उघड्या पाडतो, म्हणून लांबी भरा, घासा, पुन्हा भरा. सुरकुतलेला रंग एका हातात सगळं झाकतो, वर उजेडाची तिरीपही परतवत नाही आणि हाताला पकड देतो. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पावात 'रिंकल फिनिश' हा रीतसर माल झाला. टाइपरायटर, कॅमेरे, रेडिओ, मोजमापाची यंत्रं, मोटारींचे डॅशबोर्ड यांवरचा तो काळा खरबरीत थर अनेकांनी हाताळलेला असेल. फेरारीच्या 'टेस्टा रोसा' म्हणजे 'लाल डोकं' या नावामागे इंजिनवरची लाल झाकणं आहेत; अशा इंजिनांच्या झाकणांवर तर हा पोत शोभेचा म्हणूनच मिरवला गेला. त्याची कृती म्हणजे रंगाऱ्याला ज्या चुका करू नकोस असं सांगतात त्यांची यादीच: टुंग तेल पुरतं न शिजवता घ्या, कोबाल्ट सढळ हाताने घाला, थर जाड द्या आणि भट्टीत घालून तापवा.

त्यावर कोर्टकचेऱ्याही झाल्या. ओहायोतली के अँड एस आणि दुसरी चॅडलॉइड केमिकल या दोन कंपन्या सुरकुत्या पाडण्याच्या पेटंटवरून भांडत होत्या. १९३७मध्ये त्यांनी तडजोड करून 'न्यू रिंकल' नावाची कंपनी काढली, सगळी पेटंटं तिच्या नावावर केली आणि इतरांना परवाने द्यायला सुरुवात केली. परवान्यात किमान विक्रीभाव ठरवून दिलेला असे. १९४८पर्यंत अमेरिकेतले बहुतेक सगळे, म्हणजे दोनशेहून अधिक उत्पादक या करारांत बांधले गेले होते. सरकारने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली खटला भरला आणि १९५२मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, पेटंटच्या आडून अख्ख्या उद्योगाचे भाव बांधता येणार नाहीत, असा निकाल दिला. पेटंट कायदा शिकणारे तो निकाल अजून वाचतात. रंगाच्या एका दोषाने एवढी मजल मारल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

इथपर्यंतच्या सुरकुत्या एकाच थराच्या. दुसरा प्रकार नवा आणि जास्त चीड आणणारा. पहिला हात छान वाळतो, दुसरा मारला की दोन-चार मिनिटांत सगळं खदखदल्यासारखं आक्रसतं. रंगारी याला रंग उचलला म्हणतात. याची सुरुवात साधारण १९२०च्या दशकातली. तोवर मोटारींना बग्गीसारखे तेल-वार्निशचे थरावर थर द्यावे लागत आणि एकेक गाडी आठवडेच्या आठवडे अडकून पडे. १९२३मध्ये ड्यू पॉन्टचा 'ड्यूको' हा नायट्रोसेल्युलोज लॅकर आला आणि जनरल मोटर्सने तो आपल्या ओकलंड नावाच्या गाड्यांवर वापरला. तो केवळ द्रावक उडून वाळतो, त्यामुळे काम तासांवर आलं. त्याच दशकात जनरल इलेक्ट्रिकमध्ये रॉय कीनल यांच्या कामातून अल्किड रेझिन, म्हणजे तेल मिसळून बनवलेली कृत्रिम राळ, पुढे आलं, ज्यावर आजचं बहुतेक इनॅमल उभं आहे. लॅकरचा थिनर जहाल, अल्किडचा रंग ऑक्सिजनवर सावकाश पिकणारा. असे दोन रंग एकाच पत्र्यावर भेटू लागले आणि रंग उचलायला लागला.

अल्किडचा थर ताजा असतो तेव्हा वरून आलेला थिनर त्यात मिसळून जातो, दोन्ही हात एकजीव होतात. पूर्ण पिकलेल्या थरात थिनर फारसा शिरतच नाही. अडचण मधल्या काळाची. तेव्हा थर जाळीसारखा गुंफला गेलेला असतो. विरघळू शकत नाही, पण थिनर पिऊन फुगू मात्र शकतो. फुगला की पुन्हा तीच गोष्ट, पसरायला जागा नाही म्हणून घड्या. १९४९मध्ये एडवर्ड सेमूर यांनी इलिनॉयमध्ये रंगाचा स्प्रे कॅन बनवला, आणि जहाल द्रावकांचा रंग ज्याला प्रायमर आणि इनॅमलमधला फरक माहीत नाही त्याच्याही हातात गेला. 'एका तासाच्या आत, नाहीतर दोन दिवसांनी' ही ओळ अशा डब्यांवर ठळक छापली जाते ती मधला धोक्याचा काळ चुकावा म्हणून. घाईत असलेला माणूस नेमका तिसऱ्या-चौथ्या तासाला दुसरा हात मारतो.

१९९८मध्ये हार्वर्डमध्ये बाउडन, व्हाइटसाइड्स, हचिन्सन आणि सहकाऱ्यांनी मऊ रबरावर सोन्याचा अतिपातळ थर देऊन तो थंड होताना पडणाऱ्या लाटा अभ्यासल्या. वरचा थर जितका जाड आणि खालच्या मानाने ताठ, तितकी लाट रुंद, हा हिशोब त्यांनी नीट बसवून दाखवला. रंगाऱ्याला त्याचा उपयोग एवढाच की बोटभर रुंद घड्या दिसल्या तर साय जाड झालेली आहे आणि खाली बराच ओला माल दबलेला आहे.

दुरुस्तीत लोक इथेच फसतात. सुरकुती दिसली की लगेच पॉलिश पेपर घेतात. पेपर दोन मिनिटांत भरून जातो आणि साय फाटून चिकट ओघळ बाहेर येतात. आधी नख रोवून पाहावं. खूण उमटली तर थांबायचं, हवा खेळती ठेवायची, जाड थराला आठवडाही लागू शकतो. वळ्या कडक झाल्या की पाणी लावून सपाट घासाव्यात आणि दोन पातळ हात द्यावेत, तेही भर उन्हात तापलेल्या पत्र्यावर नाही. थांबायला सवड नसेल तर तो भाग खरवडून पार खालपर्यंत काढावा. पूर्वी यासाठी कॉस्टिक किंवा ब्लो-लँप वापरत; नंतर मेथिलीन क्लोराइडचे रिमूव्हर आले, पण बंद खोलीत त्यांच्या वाफेने माणसं दगावली आणि २०१९मध्ये अमेरिकेत ते घरगुती ग्राहकांना विकण्यावर बंदी आली.

रंग उचलल्यावर निव्वळ घासून पुन्हा तोच रंग मारला तर तो पुन्हा उचलतो, कारण घासलेल्या जागेच्या कडेला जुना, फुगणारा थर उघडा पडलेला असतो. म्हणून मध्ये शेलॅकचा, म्हणजे लाखेचा हात देतात. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, आणि स्पिरिट जुन्या तेलरंगात सहसा शिरत नाही. वरून येणाऱ्या इनॅमलच्या टर्पेंटाइनसारख्या द्रावकाला लाख बधत नाही. लॅकर मारायचा असेल तर मात्र त्याच्या थिनरपुढे लाखेचा भरवसा धरू नये. बाहेरच्या, पाण्याउन्हातल्या कामाला तर लाख टिकतच नाही; तिथे जुना रंग पत्र्यापर्यंत उतरवून प्रायमरपासून सुरुवात करावी लागते.